शपथपत्र, तीन प्रती

जिल्हा कोर्टाबाहेर पिंपळाखाली माझं टेबल.
मशीन हिंदी, तिचा 'र' थोडा खाली बसतो.
अख्ख्या इंदूरची भांडणं मी ठोकतो,
पानाला दीड रुपया,
कार्बन वेगळा.

खांबेटे आले ते उन्हाचे.
महूच्या जनावरांच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर.
नोटीस इतक्यांदा उघडली-मिटलेली
की घडीवरची अक्षरं गेलेली.
"तरस आहे," म्हणाले, "मादी.
सिमरोलच्या घाटात आई ट्रकखाली गेली होती,
हिचे डोळेही उघडले नव्हते.
टोपीत घालून आणली."

नाव काय, मी विचारलं.
"नाही ठेवलं. नाव ठेवलं की पाळलेली ठरते."
एवढा कायदा त्यांना ठाऊक होता.
मग चार वर्षं तिला काय म्हणून हाक मारत होते,
ते मी विचारलं नाही.

ढवळीकर वकील उभ्यानंच सांगत गेले, मी ठोकत गेलो:
सापडल्याबरोबर खात्याला कळवायचं होतं, कळवलं नाही.
परवाना मागायचा होता, मागितला नाही
(मिळणार नव्हताच).
पिंजऱ्याला दुहेरी दार हवं होतं, एकच होतं.

"पण कडी मी रात्रीतून तीनदा उठून बघायचो,"
खांबेटे म्हणाले.
हे लिहू का? मी बोटं वर धरली.
"नको," वकील म्हणाले.
"बैलानं मारलं असतं तर विचारलं असतं, काळजी घेतली होती का.
तरसाला तो प्रश्न नाही.
तरसाला एकच प्रश्न: ठेवलं कोणी?"

जनावर सरकारचं.
चावा खांबेट्यांचा.

चावा म्हणजे
दूधवाल्या रामरतनचा भाचा, नऊ वर्षांचा.
गजांतून पोळी द्यायला हात घातला.
करंगळी आणि तिच्या शेजारचं.
एम. वाय. हॉस्पिटलात बारा दिवस.
बाराही दिवस खांबेटे बाहेरच्या बाकावर
डबा मांडीवर घेऊन बसले,
बाराही दिवस डबा भरलेलाच परत.
पोराची आई त्यांच्या अंगावरून जायची,
जशी बाकावरून सावली जाते.

शेवटी ते म्हणाले, "एक ओळ माझी घाला."
मी घातली.
उसका कोई दोष नहीं है।
वकिलांनी वाचली, चष्मा काढला.
"खांबेटे, दोष कुणाचा हा विषयच नाही इथे.
आणि जनावराच्या वतीनं शपथ घेता येत नाही."
मी रोलर मागे फिरवला,
ओळीवर क्ष मारले. क्ष क्ष क्ष क्ष.
पहिल्या प्रतीवर ओळ पार बुजली.
दुसरीवर डोळे बारीक केले तर दिसायची.
कार्बन जुना होता, तिसरीवर क्ष उमटलेच नीट नाहीत,
ओळ मात्र उमटली होती.
तिसरी प्रत सामनेवाल्याची.
मी बदलायला हवी होती.

फंडातले पैसे निघाले, तडजोड झाली.
तरस नवलख्याच्या चिडियाघरात गेली,
तिथं दारं दुहेरी आहेत.

पावतीच्या दिवशी रामरतन पोराला घेऊन आला.
तो माझ्या टेबलाशी उभा राहिला,
फडक्यातला हात पाठीमागे,
दुसऱ्या हातानं मशीनची एक कळ हळूच दाबून बघत.
मग खांबेट्यांकडे वळून
"रोटी खाई थी उसने?"

वकील घड्याळ बघत होते.
शपथ वगैरे सगळं उरकलं होतं,
आता काहीही सांगता आलं असतं.

"नाही रे बेटा," खांबेटे म्हणाले,
"दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडलं ना,
तेव्हा तिथंच पडली होती."